के-वायर आणि एसएस वायर: कोल्हापुरात मिळणाऱ्या मालाचं परीक्षण

हाडाच्या शस्त्रक्रियेला लागणाऱ्या तारा कोल्हापुरात दोन रूपांत येतात. एक म्हणजे प्लास्टिकच्या नळीत भरलेली सरळ, कडक के-वायर, म्हणजे किर्शनर वायर. दुसरी रिळावर गुंडाळलेली मऊ एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टीलची, वायर. डीलर या दोन्ही वस्तू प्लेट-स्क्रूच्या पेटीबरोबर सहज टाकून देतो, बिलातही त्या तळाच्या ओळीत असतात, म्हणून कुणी नीट तपासून घेत नाही. प्लेट कुठल्या कंपनीची, हे रुग्णाचे नातेवाईकसुद्धा विचारतात. तार कुठली, हे ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीतही, फारसं विचारलं जात नाही. शाहूपुरी, राजारामपुरीतल्या लहान नर्सिंग होमना जो साधा, देशी, निर्जंतुक न करता पाठवलेला माल मिळतो, तोच इथं समोर ठेवला आहे.

आमचं मत आधीच सांगतो. नळीतल्या 1.5 ते 2.0 मिमीच्या के-वायर घ्यायला हरकत नाही. 1.2 मिमी आणि त्याहून बारीक तारा एकेक बघून घ्याव्या लागतात, कारण टोकं सारखी नसतात. रिळावर जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली नसेल, नुसतं ‘18 गेज’ लिहिलं असेल, तर ते रीळ परत पाठवा.

नळीतली के-वायर

नेहमीची देशी के-वायर नऊ इंची, म्हणजे साधारण 230 मिमी लांब. दोन्ही टोकं धारदार, टोकाचा आकार तीन पैलूंचा, ज्याला ट्रोकार म्हणतात. जाडी 0.8 पासून 3.0 मिमीपर्यंत, त्यापुढे जाड झाली की तिला स्टाइनमन पिन म्हणायचं.

तपासणी पाच मिनिटांची आहे. तार काचेच्या तुकड्यावर ठेवून बोटानं लोळवा. वाकडी असेल तर मध्येच काच सोडते आणि खाली फट दिसते. अशी तार ड्रिलला लावली की टोक भोवऱ्यासारखं फिरतं, हाडातलं भोक मोठं होतं आणि तार पहिल्याच दिवशी ढिली बसते. नंतर टोक भिंगाखाली बघा. तिन्ही पैलू एकाच बिंदूत मिळायला हवेत. बारीक तारांत बरेचदा एक पैलू लांब आणि दोन आखूड निघतात. अशी तार सरळ न जाता एका बाजूला पळते. मग व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, लावा, दोन टोकांना आणि मध्ये. शेवटी लोहचुंबक. चांगल्या इम्प्लांट दर्जाच्या पोलादाला चुंबक धरत नाही. स्वस्तातलं 304 पोलाद मात्र ओढून बारीक करताना थोडं चुंबकीय बनतं. चुंबक चिकटला तर माल नाकारा. चिकटला नाही म्हणजे माल उत्तम, असंही नाही; त्यासाठी वेष्टनावर 316एल ही पोलादाची जात, आयएसओ 5832-1 किंवा एएसटीएम एफ138 हे इम्प्लांटच्या पोलादाचं मानक, लॉट नंबर आणि परवाना क्रमांक असायलाच हवा. या पोलादात कार्बन 0.03 टक्क्यांच्या आत असतो आणि मॉलिब्डेनम सव्वादोन ते तीन टक्के. शरीरातल्या खारट पाण्यात पोलादाला बारीक खड्डे पडू नयेत म्हणून हे मॉलिब्डेनम.

ही तार मुळात हाड जोडायला आलीच नव्हती. 1907 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या फ्रिट्झ स्टाइनमन यांनी हाडातून जाड खिळा घालून वजनाची ओढ द्यायची पद्धत सुरू केली. जाड खिळ्यानं हाडाला मोठं भोक पडे आणि त्यातून जंतू शिरत. 1909 मध्ये जर्मन सर्जन मार्टिन किर्शनर यांनी तेच काम बारीक पोलादी तारेनं करून दाखवलं. पुढं त्यात ताणाची भर पडली: तार घोड्याच्या नालेसारख्या पकडीत दोन्हीकडून ताणून धरली की बारीक असूनही ती वाकत नाही. बारीक तारेला बळ ताणातून येतं, हा विचार पुढं फार लांब गेला. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये इलिझारोव्ह यांनी 1950च्या दशकात उभी केलेली कड्यांची रचना यावरच चालते, 1.8 मिमीची तार पूर्ण कड्यावर 130 किलोपर्यंत ताणली जाते. आणि आपल्या मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी याच साध्या के-वायर, बारीक दांडे आणि जोड वापरून ‘जेस’ हा बाहेरून बसवायचा सांगाडा तयार केला. चिरडलेल्या हातासाठी आणि लहान मुलांच्या वाकड्या पावलासाठी तो आजही महाराष्ट्रातल्या ओटीत रोज लागतो. महागडा परदेशी फिक्सेटर न परवडणाऱ्या रुग्णाला त्यानं हात दिला, याचं मोल मोठं आहे.

न ताणलेली तार मात्र जाडीवरच जगते, आणि वाकण्याविरुद्धचा तिचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. 1.6 च्या जागी 2.0 मिमी घातली तर ताठपणा जवळजवळ अडीचपट. ‘जरा बारीक आहे, चालेल’ हे वाक्य म्हणूनच ओटीत चालवून घेऊ नये. पाकिटावर 2.0 आणि व्हर्नियरवर 1.9 निघालं, तर फरक पाच टक्क्यांचा वाटतो. ताठपणा सुमारे 19 टक्क्यांनी गेलेला असतो.

कुठे कोणती? बोटांच्या पेरांना 0.8 ते 1.2, तळहाताच्या हाडांना 1.2 ते 1.6. मनगटाला 1.6 ते 2.0. मुलांच्या कोपराला लहानांत 1.6, मोठ्या वजनदार मुलांत 2.0. गुऱ्हाळाच्या चरकात किंवा उद्यमनगरच्या कारखान्यांतल्या प्रेसमध्ये सापडलेल्या बोटांसाठी 1.0 मिमी भरपूर साठवा, कारण एका हाताला सहा-सात तारा सहज लागतात आणि गळीत हंगामात हीच जाडी आधी संपते.

घालताना काय बिघडतं

सर्वांत जास्त खराबी उष्णतेची. हाडाचं तापमान 47 अंश सेल्सियसवर मिनिटभर राहिलं तरी तिथलं हाड मरतं. मेलेलं हाड तारेला धरत नाही, आणि तीन आठवड्यांनी ‘इन्फेक्शन झालं’ म्हणून जे दिसतं त्याची सुरुवात बरेचदा या जळण्यात असते. ड्रिल हळू चालवा, सलाइनची धार धरा, टोक बोथट वाटलं की तार फेकून नवी घ्या. एकाच भोकात पुन्हा पुन्हा आत-बाहेर करू नका. जागा चुकली तर तार बाहेर काढण्याआधी दुसरी तार योग्य जागी घालून घ्या, म्हणजे बसवलेलं हाड हलत नाही.

दुसरी खराबी चकमधून, म्हणजे ड्रिलच्या तार पकडणाऱ्या तोंडातून, फार लांब तार सोडण्याची. चकच्या बाहेर चार-पाच सेंटिमीटरच ठेवा आणि जसजशी आत जाईल तसा चक मागं सरकवा. बारीक तारेला 14 किंवा 16 नंबरची सुई बाहीसारखी वापरली की कातडी, शिरा गुंडाळल्या जात नाहीत. तिरप्या दिशेनं जायचं असेल तरी सुरुवात हाडाला काटकोनात करून छोटी खाच पाडा, मग तार तिरपी करा. नाहीतर टोक गुळगुळीत हाडावरून घसरतं.

मुलांचं कोपर हे के-वायरचं खरं घर. झाडावरून, गच्चीवरून पडलेलं मूल, दंडाचं हाड कोपराच्या वर मोडलेलं. हाड बसवून सी-आर्मखाली (शस्त्रक्रिया चालू असताना दिसणाऱ्या एक्स-रेखाली) बाहेरच्या बाजूनं दोन किंवा तीन तारा घालायच्या. त्या मोडलेल्या रेषेवर एकमेकींपासून लांब असल्या पाहिजेत आणि पलीकडच्या कठीण हाडाला टोचून थोड्या बाहेर निघाल्या पाहिजेत. दोन्ही तारा मोडीवरच एकमेकींना छेदत असतील तर हाड त्यांच्याभोवती फिरतं, मग तारा कितीही जाड असू द्या. आतल्या बाजूनं तार घालायची वेळ आलीच तर कोपर थोडं सरळ करून, लहान छेद घेऊन घाला, कारण तिथंच अल्नर नस (करंगळीकडं जाणारा मज्जातंतू) असते आणि पूर्ण दुमडलेल्या कोपरात ती पुढं सरकते. तीन-चार आठवड्यांनी या तारा ओपीडीतच, भूल न देता निघतात. एवढ्या कमी खर्चात आणि एवढ्या कमी जखमेत मूल बरं करणारं दुसरं इम्प्लांट नाही.

मनगटात मोडलेल्या जागेतूनच तार शिरवून तिनं तुकडा उचलून धरायची कापांजी यांची पद्धत 1976 पासून प्रसिद्ध आहे. तरुण, घट्ट हाडात ती छान चालते. बाथरूममध्ये घसरून पडलेल्या सत्तरीच्या आजींच्या भुसभुशीत, मागून चुरा झालेल्या मनगटात तार धरत नाही, हाड पुन्हा खचतं आणि आखूड होतं. तिथं प्लेटचा खर्च खरोखर लागतो. तारेवर वाचवलेले पैसे वाकड्या मनगटात जातात. अंगठ्याच्या बाजूनं तार घालताना लहानसा छेद घेऊन आत बोथट चिमट्यानं वाट करा, म्हणजे रेडियल नसेची वरवरची फांदी तारेत अडकणार नाही.

के-वायर दाब देत नाही, ती फक्त जागेवर धरते. बाहेरून प्लास्टरची स्लॅब हवीच, आणि तार असताना रुग्ण लवकर हालचाल करेल ही अपेक्षा ठेवू नका.

गळपट्टीच्या हाडात आणि खांद्याच्या सांध्याजवळ गुळगुळीत के-वायर आम्ही अजिबात सुचवत नाही. तिथल्या तारा सरकून छातीत, मोठ्या रक्तवाहिन्यांपर्यंत गेल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. घातलीच तर बाहेरचं टोक वाकवलेलं हवं, ठरावीक दिवशी एक्स-रे हवा आणि काढण्याची तारीख केसपेपरवर लिहिलेली हवी.

रिळातली एसएस वायर

तारेनं हाड बांधायची कल्पना के-वायरच्या कितीतरी आधीची. 1770च्या दशकात फ्रान्समधल्या तुलूजमध्ये पितळेच्या तारेनं हाड बांधल्याची चर्चा आणि त्यावरचा वाद नोंदलेला आहे. पण जखम उघडायची म्हणजे पू होणार, आणि पू म्हणजे बहुतेकदा मरण, अशी तेव्हाची स्थिती होती. ऑक्टोबर 1877 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक ॲसिडच्या संरक्षणाखाली मोडलेली गुडघ्याची वाटी चांदीच्या तारेनं बांधली. त्यानंतर वाटी उघडून जोडणं ही मान्य होण्याजोगी गोष्ट झाली. चांदी का, हे हुपरीच्या कारागिराला सांगायला नको. तापवून मऊ केलेली चांदीची तार हवी तशी वळते, पिळली की तशीच राहते. तीच चांदी ठोकली, ओढली की कडक होते. पोलादालाही हाच नियम: के-वायर ओढून कडक केलेली, रिळातली तार तापवून मऊ केलेली. धातू एकाच जातीचा, गुण उलटे. रिळातल्या तारेचा तुकडा बोटानं दुमडून सोडा. तो उसळून परत येत असेल तर तार नीट मऊ केलेली नाही आणि पिळताना तुटेल.

आता गेजचा घोटाळा. ब्रिटिश एसडब्ल्यूजी मापात 18 गेज म्हणजे 1.22 मिमी. अमेरिकन एडब्ल्यूजी मापात 18 गेज म्हणजे 1.02 मिमी. दोन्हींना लोक ‘अठरा नंबर’ म्हणतात. फक्त ‘18 जी’ छापलेल्या रिळावर व्हर्नियर लावला की कधी 1.2 निघतं, कधी 1.0. ताण सोसण्याची ताकद जाडीच्या वर्गानं जाते, म्हणजे 1.22 ची तार 1.02 च्या सुमारे 1.4 पट ताण घेते. गुडघ्याच्या वाटीसाठी हा फरक थोडा नाही, कारण मांडीचा स्नायू जिना चढताना वाटीला जोरात ओढतो. वीस गेजचंही तसंच: 0.91 आणि 0.81. डीलरला फोनवर नंबर न सांगता ‘एक पूर्णांक दोन मिलिमीटर, मऊ’ असं सांगा आणि माल आल्यावर मोजा.

टेन्शन बँड, पायरीपायरीनं

टेन्शन बँड म्हणजे स्नायूच्या ओढीचं दाबात रूपांतर करणारी तारेची बांधणी. कोपराच्या मागच्या टोकाचं उदाहरण घेऊ. मागचा ट्रायसेप्स स्नायू तुकडा ओढतो. तार हाडाच्या मागच्या पृष्ठावर असली की कोपर वाकताना ती ताण घेते आणि सांध्याच्या बाजूला हाडाचे तुकडे एकमेकांवर दाबले जातात. त्यासाठी सांध्याच्या बाजूचं हाड सलग असलं पाहिजे. तिथं चुरा असेल तर ही पद्धत दाब देण्याऐवजी सांधा मिटवते. मग प्लेट घ्या.

1.6 ते 2.0 मिमीच्या दोन के-वायर टोकाकडून समांतर घाला आणि पुढच्या कठीण हाडाला टोचू द्या. नुसत्या पोकळीत सोडल्या तर त्या मागं सरकून कातडीखाली टोचतात; या शस्त्रक्रियेनंतरची सर्वांत नेहमीची तक्रार हीच. पुढून सेंटिमीटरभर बाहेर जाऊ देऊ नका, तिथं नस आहे. टोचल्यावर तार सुमारे एक सेंटिमीटर मागं ओढा, म्हणजे वाकवून ठोकायला जागा राहते. मोडीपासून तीन-चार सेंटिमीटर खाली हाडात 2 मिमीचं आडवं भोक पाडा. त्यातून 1.0 किंवा 1.2 मिमीची तार काढून इंग्रजी आठसारखी फिरवा. वरची बाजू ट्रायसेप्सच्या तंतूंखालून, हाडाला चिकटून जायला हवी. इथं 14 नंबरची सुई कामाला येते, आतल्या पोकळीत 1.2 मिमीची तार सहज जाते. 16 नंबरची सुई अडते. तार स्नायूच्या वर राहिली तर काही दिवसांत स्नायूत रुतते आणि सगळा ताण सुटतो.

पीळ दोन्ही बाजूंना द्या, एका बाजूला नाही. एका बाजूला लहान फास ठेवून दुसरीकडं टोकं जुळवा आणि दोन्ही आळीपाळीनं घट्ट करा. प्लायरनं तार आधी हाडापासून ओढून ताणायची, ताण ठेवूनच फिरवायची. दोन्ही पदर एकमेकांभोवती सारखे गुंफले पाहिजेत. एक पदर सरळ आणि दुसरा त्याच्यावर गुंडाळलेला दिसला तर ती गाठ सुटणार, उलगडून नवी तार घ्या. पिळाच्या बुडाशी तारेची चकाकी जाऊन ती निस्तेज झाली की थांबा, पुढच्या फेऱ्याला तुटते. तीन फेरे ठेवून कापा आणि पीळ वाकवताना घट्ट होण्याच्या दिशेनंच थोडा फिरवत वाकवा. उलट दिशेनं वाकवला की कमावलेला ताण त्या एका हालचालीत जातो. के-वायरची टोकं अर्धवर्तुळात वाकवून, आकडा हाडाकडं वळवून, ट्रायसेप्सचे तंतू किंचित फाकवून हातोडीनं हाडात बसवा. मग कोपर डोळ्यांसमोर वाकवून मोड उघडते का ते पाहा.

वाटीलाही हेच तत्त्व, फक्त 1.8 ते 2.0 च्या दोन तारा वाटीच्या पुढच्या पृष्ठापासून साधारण 5 मिमी आत जातात आणि आठची तार पुढून येते.

रिळातल्या तारेला दुमड पडू देऊ नका. दुमड सरळ केली तरी तिथली तार कडक झालेली असते. प्लायरच्या दातांनी पडलेला ओरखडाही तसाच. पोलाद तिथूनच थकून तुटतं. जी तार अंगात राहणार तिला दातेरी प्लायर फक्त पिळाच्या टोकाला लावा.

प्लेट टायटेनियमची असेल तर तिच्याबरोबर पोलादी तार घालू नका. खोट्या दागिन्यांनी अंगाला खाज येते का, हे रुग्णाला शस्त्रक्रियेआधी विचारा. या पोलादात निकेल 13 ते 15 टक्के असतं.

साठवण, निर्जंतुकीकरण आणि घरची काळजी

निर्जंतुक न केलेल्या तारा पाकिटातून काढून धुवा, पूर्ण कोरड्या करा, दोनदा गुंडाळून ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक) करा: 121 अंशांवर 15 पौंड दाबाखाली 30 मिनिटं, किंवा प्री-व्हॅक्यूम (आधी हवा काढून घेणारं) यंत्र असेल तर 134 अंशांवर चार मिनिटं. फॉर्मलिनच्या गोळ्या ठेवलेल्या डब्यात तारा टाकून ठेवणं हे निर्जंतुकीकरण नव्हे. सलाइन किंवा हायपोक्लोराइटमध्ये भिजवणंही बंद करा, क्लोराईडनं पोलादाला खड्डे पडतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पॅक ओला निघाला तर तो निर्जंतुक धरू नका.

एकदा हाडात गेलेली किंवा वाकवलेली तार पुन्हा वापरायची नाही. सरळ करून, धार लावून परत ट्रेमध्ये ठेवलेली तार आतून थकलेली असते आणि कधी तुटेल हे डोळ्यांना दिसत नाही. प्रश्न काही रुपयांचा आहे. तुटलेलं टोक हाडात राहिलं की प्रश्न दुसऱ्या शस्त्रक्रियेचा होतो.

रुग्णाला घरी पाठवताना तार कातडीबाहेर साधारण एक सेंटिमीटर ठेवा, काटकोनात वाकवा, टोपी घाला. कातडी तारेवर ताणलेली असेल तर तिथंच छेद वाढवा. घरच्यांना सांगा: ड्रेसिंग कोरडं ठेवा, हळद, तेल, राख काही लावू नका, तार हलवून बघू नका. पाणी येणं, लाली, ठणका किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. ढिली झालेली तार काहीच धरत नसते, ती काढून टाका.

काढलेल्या तारा साध्या कचऱ्यात किंवा भंगारात जाता कामा नयेत. जैववैद्यकीय कचरा नियम 2016 नुसार धातूचे इम्प्लांट निळ्या गटात जातात, आणि टोक धारदार असल्यानं डबा न टोचणारा हवा. डबा ओपीडीतल्या तार काढायच्या टेबलाजवळच ठेवा, आणि त्यात टाकण्याआधी काढलेल्या तारांची संख्या शस्त्रक्रियेच्या नोंदीतल्या संख्येशी जुळवून घ्या.